अवकाशातला आरसा का मळतो?



पंचवटीतल्या जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात चांदीचे निरांजन, चांदीची वाटी, एखादा टाक असे काही ना काही असतेच. सणाच्या आदल्या दिवशी चिमूटभर रांगोळी घेऊन ते घासायचे, लख्ख करायचे, आणि पुढचा सण येईपर्यंत त्यावर पुन्हा काळपट झाक चढलेली पाहायची, हा क्रम तुम्ही घरी पाहिला असेल. हवेत अगदी थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. त्याचा चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. त्याचा रंग काळा. दमट हवेत ही क्रिया अधिक जोमाने चालते.

आता एक प्रश्न. हेच निरांजन हवाच नसलेल्या ठिकाणी, म्हणजे अवकाशात नेऊन ठेवले तर ते काळे पडेल का? तेथे हायड्रोजन सल्फाइड नाही, दमटपणा नाही, रस्त्यावरची धूळ नाही, स्वयंपाकघरातला धूर नाही. वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले चटकन 'नाही' म्हणतात. उत्तर तर्काला धरून वाटते, पण ते चुकीचे आहे. अवकाशात चांदी काळी पडते. इतकेच नव्हे, तर काही धातूंचे पातळ थर तेथे चक्क नाहीसे होतात.

निरांजनाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ गमतीचा ठरेल. पण अवकाशात खरोखरच मोलाचे आरसे आहेत. ते दुर्बिणींचे आरसे होत. त्यातले काही आपल्या देशात, काही तर आपल्या मुंबईत घडवलेले आहेत. ते मळले तर रांगोळी घेऊन तेथे कोण जाणार? म्हणून ते कशाने मळतात, आणि मळू नयेत म्हणून काय करावे लागते, हे समजून घेऊ.

मुलामा केवढा जाड?

घरातल्या आरशाची चकाकी काचेच्या मागच्या बाजूला असते. पुढची काच तिचे रक्षण करते. दुर्बिणीच्या आरशात असे करून चालत नाही, कारण काचेतून जाता-येता प्रकाश वळतो व शोषला जातो. म्हणून दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर, उघडाच असतो. काचेचे काम फक्त आकार सांभाळण्याचे. परावर्तनाचे सारे काम मुलाम्याचे.

हा मुलामा किती जाड असेल? १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा आहे. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर आहे सुमारे ६५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. तुमच्या डोक्यावरच्या केसाची जाडी या थराच्या जवळजवळ हजारपट भरेल. दुर्बिणीचा सारा व्यवहार या हजाराव्या हिश्श्याच्या कातडीवर चालतो.

जमिनीवरच्या दुर्बिणींना ही कातडी पुनःपुन्हा नवी मिळते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून एक वेधशाळा उभी राहिली होती. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. तेथली २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे अशा आरशांवर चांदीचा मुलामा देत. चांदी काळी पडली की ती रसायनाने काढून नवी चढवावी लागे. १९३० नंतरच्या दशकात निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर काचेवर बसवण्याची रीत रूढ झाली आणि चांदी मागे पडली. नाशिकहून पुण्याला जाताना महामार्गापासून थोडे आत, जुन्नरजवळच्या गिरवली येथे पुण्याच्या 'आयुका' या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणींचे आरसे ठरावीक काळाने धुऊन, जुना ॲल्युमिनियमचा थर काढून नवा चढवता येतो.

अवकाशातल्या आरशाला ही सोय नाही. हबल दुर्बिणीकडे १९९३ ते २००९ या काळात अंतराळवीर पाच वेळा जाऊन आले. त्यांनी कॅमेरे बदलले, सौरपट बदलले; पण मुख्य आरशाला हात लावला नाही. १९९० साली जो थर घेऊन तो आरसा वर गेला, त्यावरच त्याची सारी हयात.

थोडे मळले तर काय बिघडले?

एक छोटे गणित करू. बहुतेक परावर्ती दुर्बिणींत प्रकाश दोन आरशांवरून जातो. आधी मोठ्या, मग लहान. प्रत्येक आरसा शेकडा ९० प्रकाश परत फेकतो असे धरा. दोन्हींमिळून कॅमेऱ्यापर्यंत किती प्रकाश पोचेल? ०.९ × ०.९ = ०.८१, म्हणजे शेकडा ८१. आता दोन्ही आरसे थोडे मळून परावर्तन शेकडा ८० झाले. मग ०.८ × ०.८ = ०.६४. म्हणजे आधी जे छायाचित्र १०० मिनिटांत मिळे, त्याला आता सुमारे १२७ मिनिटे लागतील. घरच्या आरशात हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही. दुर्बिणीचा मात्र पाचवा हिस्सा वेळ वाया गेला.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. समजा, एका ताऱ्याचा प्रकाश पाच वर्षांत शेकडा १० कमी झालेला दिसला. तारा खरोखर मंदावला, की आपला आरसा मळला? आरशाची स्थिती ठाऊक नसेल, तर आपण आरशाचा दोष ताऱ्याच्या माथी मारू. म्हणून आरसा कशाने मळतो हे कळणे हा खगोलशास्त्राच्या खरेपणाचाच प्रश्न आहे.

यानाचाच वास यानाला बाधतो

कापराची वडी उघडी ठेवली तर काही दिवसांत ती झिजून नाहीशी होते. तिचे रेणू हळूहळू हवेत उडून जातात. नव्या प्लॅस्टिकच्या वस्तूला येणारा वास हादेखील तिच्यातून सुटणाऱ्या रेणूंचाच वास असतो. हवेचा दाब नसेल तर ही सुटका कितीतरी सोपी होते. अवकाशयानात तारांवरची आवरणे, चिकटद्रव्ये, रंग, वंगण, रबरी कड्या असे किती तरी पदार्थ असतात. निर्वातात गेल्यावर त्या सर्वांतून रेणू सुटू लागतात. वाटेत त्यांना अडवायला हवा नसते, त्यामुळे ते सरळ रेषेत जातात आणि समोर जो थंड पृष्ठभाग येईल त्याला चिकटतात. दुर्बिणीत असा पृष्ठभाग बहुधा आरशाचाच असतो.

येथवर फारसे बिघडलेले नसते. आरसा थोडा गरम केला तर ते रेणू पुन्हा उडून जातील. पण त्यांच्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की गोष्ट हाताबाहेर जाते. त्या किरणांनी रेणूंमधले बंध तुटतात आणि शेजारचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांची एक घट्ट, पिवळसर साय बनते. फोडणीच्या धुराचा जो चिकट थर स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसतो आणि महिनोन् महिने राहिला की खरवडूनही निघत नाही, त्याचीच ही बहीण म्हणा ना.

हबल दुर्बिणीतला पहिला मुख्य कॅमेरा डिसेंबर १९९३ मध्ये काढून पृथ्वीवर परत आणला, तेव्हा हा शत्रू प्रत्यक्ष हाती लागला. दुर्बिणीतला प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणाऱ्या छोट्या आरशावर सुमारे ४५ नॅनोमीटर जाडीची साय आढळली. साध्या प्रकाशात आरसा बरा दिसत होता, पण दूरच्या अतिनील किरणांच्या दृष्टीने तो जवळजवळ आंधळा झाला होता. तरंगलांबी जितकी कमी, तितका पातळ थरही तिला अधिक अडवतो, हे येथे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

ऑक्सिजनचा वारा

आता चांदीच्या निरांजनाकडे येऊ. जमिनीवरच्या हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या जोडीने असतो. ही जोडी शांत स्वभावाची. चांदीला ती सहसा त्रास देत नाही. पण काही शे किलोमीटर उंचीवर सूर्याचे अतिनील किरण या जोड्या फोडतात आणि ऑक्सिजनचे सुटे अणू तेथे फिरत राहतात. तेथली हवा इतकी विरळ असते की सुट्या अणूला जोडीदार लवकर भेटत नाही. जोडीदार शोधणारा असा अणू समोर येईल त्याच्याशी संयोग करू पाहतो.

त्यात भर पडते ती वेगाची. ६५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर वेगाने धावतो. तुम्ही पावसात सायकल जोरात चालवली तर छाती भिजते आणि पाठ त्या मानाने कोरडी राहते, तसेच हे. अणू जवळजवळ जागच्या जागी असतात, उपग्रहच त्यांच्यावर जाऊन आदळतो. ऑक्सिजनच्या एका अणूचे वस्तुमान २.६६ × १०⁻²⁶ किलोग्रॅम धरून गतिज ऊर्जेच्या सूत्रात घाला. उत्तर सुमारे ४.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट येईल. कार्बनच्या दोन अणूंमधला साधा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. म्हणजे एकेक अणू हा एकेक छोटी छिन्नीच झाला.

१९८२ च्या जून-जुलैत कोलंबिया यानाच्या चौथ्या उड्डाणात चांदी, कार्बन व ऑस्मियम यांचे पातळ थर मुद्दाम उघडे ठेवून पाहिले. कार्बन आणि ऑस्मियम यांची ऑक्साइडे वायुरूप असल्याने ते थर उडून गेले. चांदीचे ऑक्साइड घनरूप. ते जागेवरच राहिले. चांदी काळी पडते ती अशी. हे ऑक्साइड पापुद्र्यासारखे सुटले की खालची चांदी उघडी पडते आणि झीज पुढे चालू राहते.

मग ॲल्युमिनियमचे काय? ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. साध्या प्रकाशासाठी हे उत्तमच. पण हा रक्षक थर २०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण स्वतःच गिळतो! म्हणून अतिनील दुर्बिणींच्या आरशावर ॲल्युमिनियम चढवताच, त्याच निर्वात पेटीत, हवा लागण्यापूर्वी मॅग्नेशियम फ्लोराइडचे झाकण घालतात. हबलच्या आरशावर असे २५ नॅनोमीटरचे झाकण आहे.

सुटा ऑक्सिजन सदा वाईटच असे मात्र नाही. आरशावर कार्बनी पदार्थांची साय असेल तर तो ती जाळून टाकतो. पण सायीत सिलिकॉनयुक्त चिकटद्रव्याचा अंश असेल, तर तिचे काचेसारखे कठीण कवच बनते आणि ते कायमचे बसते. म्हणून यानात कोणता डिंक वापरला यावर दुर्बिणीचे भवितव्य अवलंबून असते.

कणांचा मारा आणि सूर्याचा झोत

अवकाशात धूळ नाही असे आपण आरंभी म्हटले. तेही पूर्ण खरे नाही. धूमकेतू व लघुग्रहांचे बारीक कण सर्वत्र हिंडत असतात. एक मायक्रोग्रॅमचा कण सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा ०.२ जूल भरते. २० ग्रॅमचा गोळा एक मीटर उंचीवरून टाकला तर जमिनीवर पोचताना त्याची ऊर्जा एवढीच असते. गोळ्याचा दणका मोठ्या जागेवर वाटला जातो. कणाचा मात्र सुईच्या टोकाहून लहान जागी एकवटतो. तेथे मुलामा व काच दोन्ही वितळून खळगा पडतो.

१९८४ च्या एप्रिलमध्ये शाळेच्या बसएवढा एक प्रयोग-उपग्रह अमेरिकेने कक्षेत सोडला आणि जानेवारी १९९० मध्ये तो परत आणला. त्याच्या अंगावर अशा आघातांच्या तीस हजारांहून अधिक खुणा मोजल्या गेल्या. २०२१ च्या नाताळात उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या अठरा षट्कोनी आरशांपैकी एकाला मे २०२२ मध्ये अपेक्षेहून मोठ्या कणाचा तडाखा बसला. त्या आरशाचा आकार किंचित बिघडला. त्याच आरशाची स्थिती सूक्ष्मपणे बदलून त्याची काही अंशी भरपाई करता आली. त्यानंतर कणांचा मारा ज्या दिशेने अधिक, तिकडे तोंड करून निरीक्षण करण्याचे शक्यतो टाळले जाते.

याशिवाय उन्हाळा-हिवाळा आहेच. पृथ्वीजवळचा उपग्रह सुमारे दीड तासात एक फेरी पुरी करतो, म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा वेळा उन्हातून सावलीत जातो. धातू आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून मुलाम्यावर ताण येतो. यासाठी जवळजवळ प्रसरण न पावणारी खास काच वापरतात आणि आरशाचे तापमान विजेच्या शेगड्यांनी स्थिर राखतात. पृथ्वीच्या चुंबकीय छत्राबाहेर गेलेल्या यानांना सूर्यवाऱ्यातल्या प्रोटॉनांचा मारही सोसावा लागतो. ते आरशाच्या वरच्या काही थरांत रुतून बसतात.

मुंबई-पुण्याचे आरसे

या सर्व शत्रूंना आपल्या शास्त्रज्ञांनी कसे तोंड दिले ते पाहू. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'ॲस्ट्रोसॅट' हा आपला पहिला खगोल-उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावर दोन प्रकारच्या आरशांच्या दुर्बिणी आहेत.

पहिली क्ष-किरणांची. तिचे आरसे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर त्यात घुसून जातात. पण चपटी खापरी पाण्याला जवळजवळ समांतर फेकली की ती बुडत नाही, टप्पा घेऊन पुढे जाते. तसे क्ष-किरण अगदी तिरपे आले तर परावर्तित होतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे शंकूच्या आकारात, एकात एक असे चाळीस थर बसवले आहेत. सोने सहसा कशाशी संयोग पावत नाही, ही आणखी एक जमेची बाजू.

दुसरी दुर्बीण अतिनील किरणांची. बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची आयुका, इस्रो आणि कॅनडा यांनी मिळून ती उभारली. आयुकाचे प्रा. श्याम टंडन हे तिच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक. तिच्यात सुमारे ३७.५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी शेजारी शेजारी आहेत. त्यातली एक १३० ते १८० नॅनोमीटरचे दूरचे अतिनील किरण पाहते. आठवते ना? तरंगलांबी कमी, तर पातळ थरही घातक. म्हणजे साय बसण्याचा सर्वांत मोठा धोका हिलाच.

यावर उपाय जमिनीवरच सुरू झाला. अवकाशात जाणारा प्रत्येक पदार्थ आधी निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास तापवून पाहतात. त्याचे वजन शेकडा एकाहून अधिक घटले, किंवा सुटलेल्या रेणूंपैकी शेजारच्या थंड पट्टीवर जमलेला भाग मूळ वजनाच्या शेकडा ०.१ हून अधिक भरला, तर तो पदार्थ बाद. दुर्बिणीची जुळणी धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत, डोक्यापासून पायांपर्यंत झगे घालून केली. जुळणीनंतर तिच्या पोटात शुद्ध नायट्रोजन खेळता ठेवला, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरू नये.

उपग्रह कक्षेत गेल्यावर तरी लगेच तारे पाहावेत ना? तसे केले नाही. दुर्बिणीची झाकणे जवळजवळ दोन महिने बंद ठेवली. यानातून सुटणारे रेणू आधी बाहेर निघून जाऊ दिले. झाकणे उघडली ती ३० नोव्हेंबर २०१५ रोजी. उघडलेली झाकणे पुढे उन्हाची छत्री म्हणून कामाला आली. याशिवाय एक पथ्य नेहमीचे : दुर्बिणींचे तोंड उपग्रहाच्या प्रवासाच्या दिशेशी १२ अंशांहून जवळ येऊ द्यायचे नाही. ऑक्सिजनच्या वाऱ्याला तोंड द्यायचे नाही, म्हणजेच पावसात छाती पुढे करायची नाही.

आरसा मळला हे कळते कसे?

आकाशात काही तारे असे आहेत की त्यांचा प्रकाश वर्षानुवर्षे बदलत नाही. ते आपले वजनमापाचे ठोकळे. वृषभ राशीतला एक श्वेत बटू तारा घेऊन या दुर्बिणीचे मोजमाप ठरवले. ध्रुवताऱ्याजवळच्या 'एनजीसी १८८' या जुन्या तारकागुच्छाकडेही ती पुनःपुन्हा वळवली गेली. हा गुच्छ उत्तर ध्रुवाच्या इतका जवळ आहे की तो वर्षभर केव्हाही पाहता येतो. त्यातले ओळखीचे तारे जर हळूहळू मंद दिसू लागले, तर दोष आरशाचा किंवा कॅमेऱ्याचा समजायचा. सगळेच तारे एकदम ठरवून मंदावणार नाहीत.

निकाल काय लागला? दोन अतिनील दुर्बिणींपैकी जवळच्या अतिनील किरणांच्या शाखेचे काम २०१८ मध्ये थांबले. पण तो बिघाड आरशाचा नव्हता. नोंदी तपासल्या तेव्हा दोन्ही अतिनील शाखांच्या संवेदनशीलतेत घट आढळली नाही. आरसे स्वच्छ होते. दोन महिने धीर धरल्याचे, आणि त्याआधी कित्येक वर्षे डिंकाचा थेंबन् थेंब पारखून घेतल्याचे हे फळ. पाच वर्षांसाठी आखलेल्या या उपग्रहाला सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या 'आदित्य-एल१' यानावर आयुकाने तयार केलेली सूर्याची अतिनील दुर्बीण आहे. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर काम करते. तेथे ऑक्सिजनचा वारा नाही, पण सूर्याकडे सतत पाहायचे असल्याने सायीला पक्की करणारे किरण अहोरात्र हजर. म्हणून तिच्या तोंडाशीच एक गाळणी बसवली आहे. ती बहुतेक प्रकाश बाहेरच परत फिरवते आणि फार थोडा आत सोडते.

इतके करूनही आरसा मळलाच तर? एक आशादायक उदाहरण सांगतो. जुलै २०२३ मध्ये गेलेल्या युरोपच्या 'युक्लिड' दुर्बिणीला काही महिन्यांनी तारे मंद दिसू लागले. जमिनीवर असताना यानात मुरलेली थोडी वाफ बाहेर पडून तिचा बर्फ गोठला होता. मार्च २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सगळी दुर्बीण न तापवता, संशय असलेला एकच आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांपर्यंत, म्हणजे फक्त ३४ अंशांनी तापवला. बर्फ उडून गेला आणि प्रकाश शेकडा १५ ने वाढला. १५ लाख किलोमीटर दूरचा आरसा पृथ्वीवर बसून पुसला म्हणायचा!

करून पाहा

१. स्टीलच्या लहान डब्यात कापराच्या दोन-तीन वड्या ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला आरशाचा लहान तुकडा चिकटपट्टीने बसवा. डबा कोमट पाण्यात ठेवून झाकणावर बर्फाचे खडे ठेवा. तासाभराने आरसा पाहा. पांढरा थर दिसेल. आता तो आरसा उन्हात ठेवा. थर उडून जाईल. थंड आरशावर रेणू का जमतात आणि युक्लिडचा आरसा कसा स्वच्छ झाला, हे दोन्ही यातून दिसेल. मात्र जवळपास दिवा किंवा काडी पेटवू नका. कापूर चटकन पेट घेतो.

२. काचेच्या दोन पट्ट्यांवर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. एक उन्हात व दुसरी अंधाऱ्या कपाटात ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी दोन्ही कापडाने पुसून पाहा. उन्हातली साय अधिक घट्ट झालेली आढळेल. येथे हवेतला ऑक्सिजनही मदत करतो. अवकाशात हे काम एकटे अतिनील किरण करतात. एवढा फरक वहीत नोंदवून ठेवा.

३. एका दुर्बिणीत तीन आरसे आहेत. प्रत्येकाचे परावर्तन शेकडा ९० वरून ८५ झाले. कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा प्रकाश पूर्वीच्या मानाने शेकडा किती उरला? उत्तर काढल्यावर आणखी एक गोष्ट ठरवा : हेच मळणे फक्त एकाच आरशाचे झाले असते, तर तुम्ही दुर्बीण तशीच वापरली असती, की आरसा तापवून पाहण्याचा धोका पत्करला असता? तुमच्या शिक्षकांशी यावर वाद घाला. युक्लिडच्या शास्त्रज्ञांनाही आधी तोच वाद घालावा लागला असणार.